कोरी चिठ्ठी

केमिस्टच्या दुकानात दोन प्रकारचे पुरुष येत. एक, ज्यांना काय हवंय ते तोंडाने सांगता येई. दुसरे, कोऱ्या चिठ्ठीवाले. हे दुसरे केमिस्टला रस्ता ओलांडतानाच कळत.

असला माणूस आधी दुकानावरून नुसताच पुढे जाई. मग परत येई. काचेमागच्या टूथब्रशांकडे अशा कौतुकाने बघत राही, की जणू दात घासायचं त्याला आजच सुचलंय. दुकानात एखादी बाई असली तर खोकल्याच्या गोळ्या मागे, आणि मागितल्यात म्हणून दोनदा खोकूनही दाखवी. बाई गेली, की खिशातून चार घड्या घातलेला कागद काढायचा आणि काउंटरवरून पुढे सरकवायचा. कागद कोरा. त्यावर ना डॉक्टरचं नाव, ना सही, ना एक अक्षर. मागच्या गिऱ्हाइकाला ती डॉक्टरची चिठ्ठी वाटावी, एवढंच त्या कागदाचं काम. केमिस्ट तो उघडतसुद्धा नसे. खालच्या खणात हात घालायचा, एक पट्टी तपकिरी पाकिटात टाकायची, पाकिटाचं तोंड दुमडायचं आणि पुढे करायचं. कोणी कोणाशी बोलत नसे.

त्या पट्टीत काय असे ते इथे सांगून टाकलेलं बरं, कारण त्या दुकानात अकरा वर्षांत ते कुणी उच्चारलं नाही. ज्या पुरुषांचं शरीर ऐन वेळी दगा देतं, लिंगाला ताठरता येत नाही किंवा आली तरी टिकत नाही, त्यांच्यासाठीची ती गोळी. गोळी चांगली आहे. डॉक्टरने माणूस तपासून दिली तर हजारोंना तिचा गुण येतो. पण तपासायचं म्हणजे डॉक्टरपुढे बसायचं, आणि बसायचं म्हणजे बोलायचं. आणि बोलायचं म्हटलं की या शूरांची दातखीळ बसे.

कोण कोण येई त्या काउंटरवर. कारखान्यात शंभर माणसांवर खेकसणारा फोरमन येई आणि मांजराच्या पावलांनी परत जाई. भर कोर्टात समोरच्याची सालं काढणारा वकील येई. गणिताचे मास्तर येत. त्यांनी आयुष्यभर पोरांना एकच धडा दिला होता, उत्तर आलं तरी रीत दाखवल्याशिवाय गुण नाहीत. ते स्वतः मात्र कोरा कागद देऊन मोकळे होत. अलीकडे मास्तर दोनदा फळ्यापाशी चक्कर येऊन खाली बसले होते. गावभर बोलणं झालं, की मास्तरांचं वय झालं, उकाडा सोसत नाही. केमिस्टने तर बायकोला सांगितलं, "अपूर्णांक जड जात असतील."

केमिस्ट स्वतःला मोठा सज्जन समजे. "मी कुणाला काही विचारत नाही. माणसाची अब्रू राखतो. म्हणून तर समोरच्याकडे न जाता माझ्याकडे येतात," असं तो म्हणे. समोरचा म्हणजे रस्त्यापलीकडचा दुसरा केमिस्ट. त्याच्याशी याचं नऊ वर्षं बोलणं नव्हतं. दिव्यांची पाटी कोणाची मोठी, यावरून बिनसलं होतं. दोन शिकलेली माणसं.

पण अब्रू राखणं वगैरे सगळी बतावणी. खरी गोष्ट अशी, की केमिस्टला या माणसांचा तिटकारा होता. त्यांच्याशी दोन वाक्यं बोलणं त्याला नको होतं. या गोळ्यांत एक जात असते काही तासांची, आणि एक असते चांगली दोन दिवस अंगात मुरून राहणारी. केमिस्ट सगळ्यांना सरसकट दुसरी देई, तुम्ही काहीही असा, साठीचे असा नाहीतर चाळिशीचे. कारण एवढंच, की तिच्यावर गिऱ्हाईक जास्त दिवस काढतं आणि त्याचं तोंड लवकर बघावं लागत नाही.

एक प्रश्न मात्र विचारायलाच हवा होता. तो केमिस्टला पाठ होता. परीक्षेत आला होता आणि त्याने पैकीच्या पैकी गुण मिळवले होते. छातीत दुखतं म्हणून जिभेखाली ठेवायची गोळी घेता का, किंवा हृदयासाठी त्याच जातीची रोजची गोळी चालू आहे का? कारण ती आणि ही एकाच वेळी रक्तात भेटल्या, तर रक्तदाब असा कोसळतो, की माणूस बसल्या जागी आडवा होतो आणि कधीकधी उठतच नाही. दुकानाच्या भिंतीवर त्याचा परवाना काचेच्या चौकटीत टांगलेला होता. त्याच्याखाली उभं राहून त्याने अकरा वर्षांत हा प्रश्न एकाही कोऱ्या चिठ्ठीवाल्याला विचारला नाही. विचारला असता तर त्या माणसाला काय झालंय ते आपल्याला ठाऊक आहे, हे कबूल करावं लागलं असतं.

आणि आता केमिस्टचीच गोष्ट. गेली दोन वर्षं तो स्वतःच खालच्या खणातली गोळी घेत होता. वय चोपन्न. पोट सुटलेलं, पाणी सारखं लागणारं, दुपारी खुर्चीतच डोळा लागणारा. पण हा गृहस्थ दुसऱ्याला देताना नाक मुरडायचा आणि स्वतः घेताना म्हणायचा, "माझं निराळं आहे. मला नुसता थकवा आहे." खणातून गोळी काढतानाही तो मान दुसरीकडे वळवायचा, जणू त्याचा हात त्याच्या ओळखीचा नव्हता. डॉक्टरला दाखवलं नाही. बायकोला सांगितलं नाही. चिठ्ठी कोरीसुद्धा लागली नाही, घरचाच मामला.

दुकानाच्या वरच्या मजल्यावर केमिस्ट राही आणि त्याच्यावर त्याचा थोरला भाऊ, दादा. एकसष्टचा. जन्मभर पोहण्याच्या तलावावर प्रशिक्षक. निवृत्त झाला तरी गळ्यातली शिट्टी काही उतरली नव्हती. दोन वर्षांपूर्वी त्याच्या हृदयाची एक वाहिनी तुंबली होती आणि तिच्यात जाळी बसवली होती. तेव्हापासून जिभेखालच्या गोळ्यांची डबी वहिनी सांभाळत असे, कारण "मला काय धाड भरलीय?" म्हणत दादाने ती स्वतःजवळ ठेवायला साफ नकार दिला होता.

रविवारचं दुपारचं जेवण दोन्ही घरं एकत्र घेत, आणि त्या टेबलावर केमिस्टच्या जिभेला धार चढे. नावं तो घेत नसे, पण ओळख पटेल इतकं सांगे. त्या उन्हाळ्यात त्याच्या तावडीत शेजारचा सलूनवाला सापडला होता. सलूनवाला चार महिन्यांपासून दर पंधरवड्याला कोरी चिठ्ठी घेऊन येत होता. पन्नाशीचा, काटक, अबोल माणूस. "लोकांना तरणं करून देता देता स्वतःच गळाला बिचारा," केमिस्ट म्हणाला. वहिनीने "जेवताना काय हे" म्हणून डोळे वटारले. दादा मोठ्याने हसला.

"असल्यांना लाजही कशी वाटत नाही?" दादा म्हणाला. "शरीर राखलं नाही, की ही वेळ येते. मी बघ. पहाटे पाचला तासभर चालतो."

"चालणं मात्र तुम्हाला लागू पडलंय हो," वहिनी पानाकडे बघत म्हणाली, आणि दादाला जोराचा ठसका लागला.

त्यात काय होतं, ते त्या दिवशी केमिस्टच्या लक्षात आलं नाही. येणार कसं? दुसऱ्याचं हसं करताना माणसाला समोरचं दिसत नाही.

मग एका गुरुवारी, सकाळी अकराच्या सुमाराला, सलूनवाला धावत दुकानात शिरला. त्याच्या खांद्याला दादा होता. दादाच्या गळ्यात अजून सलूनचं पांढरं कापड बांधलेलं, एक गाल गुळगुळीत, दुसऱ्यावर साबणाचा फेस.

"भाऊ, दादांना बघा. खुर्चीतच कसंतरी झालं."

केमिस्टने काउंटरची फळी उचलली आणि दादाला आतल्या स्टुलावर बसवलं. दादाच्या कपाळावरून घाम ओघळत होता आणि तो फेसात मिसळत होता. मूठ छातीवर होती.

"काय होतंय?"

"दाबल्यासारखं. कुणी बसलंय छातीवर. हातातसुद्धा जातंय."

केमिस्टने अँब्युलन्सला फोन लावला. दहा मिनिटं म्हणाले. दुकानात तापाचं औषध न्यायला आलेली एक बाई होती आणि कारखान्यातले दोघे कामगार होते. तिघेही तिथेच उभे राहिले. एवढ्यात गलका ऐकून वहिनी जिन्यावरून खाली आली. एका पायात तिची चप्पल, दुसऱ्यात दादाची. हातात डबी उघडीच होती.

"जीभ वर करा," ती दादाला म्हणाली. गोळी तिच्या चिमटीत होती.

सलूनवाल्याने तिचं मनगट धरलं. गेल्या वीस वर्षांत हा माणूस वहिनीशी मान वर करून बोलला नव्हता.

"वहिनी, थांबा."

"हात सोडा माझा."

"भाऊ," सलूनवाला केमिस्टला म्हणाला, "आधी विचारा त्यांना."

"काय विचारू?"

"तुम्ही मला कधी विचारलं नाहीत, ते विचारा. पट्टीमागे बारीक अक्षरात छापलेलं असतं, ते."

केमिस्टला आधी बोधच होईना. मग झाला. चार महिने. दर पंधरवड्याला एक.

"ती तू स्वतःसाठी नेत नव्हतास?"

"मी शब्द दिलाय. मला नका विचारू. त्यांना विचारा."

केमिस्टने वहिनीच्या चिमटीतली गोळी काढून घेतली आणि दादासमोर उकिडवा बसला.

"दादा, त्या गोळ्या तू घेतोस?"

"कसल्या?"

"कसल्या ते तुला ठाऊक आहे. शेवटची केव्हा घेतलीस, तेवढंच सांग."

"मला?" दादाला धाप लागली होती, ओठ निळसर पडत चालले होते, पण मान ताठ. "मला लागतात का असल्या गोष्टी? काहीतरीच."

मरायला टेकलेला माणूस, पण त्याचा आव सुटत नव्हता. सलूनवाला जमिनीकडे बघत उभा राहिला. त्याचंही नवल वाटावं. दुसऱ्याच्या गोळ्या आपल्या नावावर घेऊन हा माणूस चार महिने केमिस्टच्या तिरक्या नजरा झेलत होता, आणि ज्याच्यासाठी झेलल्या तो इथे शिट्टी सांभाळत बसला होता.

"काय चाललंय तुमचं?" वहिनी म्हणाली. "गोळी द्या त्यांना. डॉक्टरांनी सांगितलंय, दुखलं की लगेच."

"वहिनी, दुसरी एक गोळी आहे. ती याच्या पोटात असली आणि ही दिली, तर रक्तदाब जमिनीला लागेल. इथेच जाईल तो."

"आणि नाही दिली आणि तरीही गेले तर?"

गोळी देऊ नये, एवढं केमिस्ट ठरवू शकत होता. पण सात-आठ मिनिटांत अँब्युलन्सवाले येणार, ते आल्याआल्या हेच औषध जिभेखाली फवारणार. त्यांनी विचारलंच, तर दादा त्यांनाही मान ताठ करून नाही म्हणणार. सलूनवाला नेत होता हे खरं, पण दादाने घेतली केव्हा, काल की महिन्यापूर्वी, हे फक्त दादाला ठाऊक होतं. आणि दादाच्या तोंडाला कुलूप होतं. ते कोणी लावलं, हे केमिस्टला आता लख्ख दिसलं. रविवारच्या टेबलावर त्यानेच लावलं होतं, वर सगळ्यांना हसवून.

जगात लाज वाटून घेण्यासारख्या इतक्या गोष्टी असताना, माणसं नेमकी याचीच घेतात. शेजाऱ्याशी नऊ वर्षं अबोला धरल्याची नाही, न विचारता विष विकल्याची नाही. केमिस्टला स्वतःची किळस आली.

"दादा, मी घेतो," तो म्हणाला.

काउंटरपलीकडच्या तिघांच्या माना वळल्या.

"मी घेतो. दोन वर्षं झाली. याच खणातली. मला होत नाही आपोआप. डॉक्टरला दाखवलं नाही, बायकोलाही सांगितलं नाही. मागच्या शनिवारी घेतली होती. ऐकलंस? आता तुझं सांग."

हे तो हळू बोलला नाही. काउंटरपलीकडच्या माणसाला औषधाची वेळ समजावून सांगताना जो आवाज लागतो, त्या आवाजात बोलला. तापाचं औषध न्यायला आलेली बाई बाटलीवरची तारीख वाचू लागली. दोघा कामगारांपैकी एकाने दुसऱ्याला कोपराने ढोसलं.

दादाने भावाकडे पाहिलं. "तू?"

त्या एका शब्दात आश्चर्य होतं, आणि थोडंसं समाधानही होतं. ते केमिस्टला दिसलं. त्याही अवस्थेत आपल्या भावाचीही तीच गत आहे हे ऐकून दादाला बरं वाटलं होतं. असतात माणसं अशी.

"मी. बोल आता."

"मंगळवारी," दादा म्हणाला. "रात्री. दहा वाजले असतील."

केमिस्टने बोटांवर तास मोजले. सदतीस.

"ती तर केव्हाच उतरली असेल," दादा पुटपुटला.

"नाही उतरली. मी दोन दिवसांची देतो."

का देतो, ते त्याने सांगितलं नाही. त्याने ॲस्पिरिनची एक गोळी दादाच्या हातात दिली आणि ती चावून खायला लावली. मग लिहायला कागद शोधू लागला. काउंटरच्या कडेला सकाळची कुणाचीतरी कोरी चिठ्ठी पडली होती. तिच्या चारही घड्या त्याने उलगडल्या आणि त्यावर लिहिलं. गोळीचं नाव. किती ताकदीची. मंगळवार, रात्री दहा. खाली मोठ्या अक्षरात लिहिलं, जिभेखालची गोळी किंवा फवारा देऊ नये. तो कागद त्याने सलूनच्या पांढऱ्या कापडाला टाचणीने दादाच्या छातीवर टोचला. अकरा वर्षांत त्या दुकानातल्या असल्या कागदावर पहिल्यांदाच काहीतरी लिहिलं गेलं होतं.

अँब्युलन्समधून उतरलेल्या माणसाच्या हातात फवाऱ्याची बाटली तयारच होती. कागद वाचून त्याने ती खिशात घातली. "हे लिहिलंत, बरं केलंत," तो म्हणाला. दादाला उचलून नेताना वहिनी मागोमाग गाडीत चढली. चढताना तिने वळून दिराकडे पाहिलं.

"मला वाटलं, पहाटेचं चालणं लागू पडलं," ती म्हणाली.

दादा वाचला. तुंबलेली दुसरी वाहिनी मोकळी केली. चौथ्या दिवशी डॉक्टरीणबाई पलंगापाशी आल्या. पस्तिशीच्या असतील. त्यांनी खुर्ची ओढली आणि विचारलं, "ही अडचण पहिल्यांदा कधी सुरू झाली?" खोकला कधीपासून आहे, असं विचारावं तितक्या साधेपणाने विचारलं. दादाने खिडकीबाहेर पाहिलं.

"चार-साडेचार वर्षं."

"म्हणजे पहिल्या वेळी हृदयाचं कळलं, त्याच्या दोन वर्षं आधी."

"त्याचा काय संबंध?"

"तोच तर संबंध. तिथल्या रक्तवाहिन्या हृदयाच्या वाहिन्यांपेक्षा बारीक. तुंबायला लागल्या की आधी त्या तुंबतात. हृदयाची पाळी नंतर येते. तुमचं शरीर तेव्हाच सांगत होतं. तुम्ही येऊन मला सांगितलं असतंत, तर तेव्हाच तुमचं हृदय तपासलं असतं." त्यांनी हातातली फाईल मिटली. "कधी साखर असते, कधी रक्तदाब, कधी त्याच्यावरचंच एखादं औषध, कधी सिगारेट, कधी नुसती काळजी. कारण शोधावं लागतं. हृदयाच्या गोळ्यांबरोबर तुम्हाला ही गोळी चालणार नाही. पण दुसरे उपाय आहेत. तब्येत स्थिरावली की दोघं मिळून या, बोलू."

"दोघं?" दादा म्हणाला.

"दोघं," वहिनी म्हणाली.

डॉक्टरीणबाई उठल्या आणि दाराशी उभ्या असलेल्या केमिस्टपाशी थांबल्या. कागद कोणी लिहिला, तो का लिहावा लागला, हे त्यांच्या कानावर गेलं होतं. "तुम्ही शेवटची साखर कधी तपासलीत?" त्यांनी विचारलं. दुकानात साखर तपासायची तीन यंत्रं विकायला असणाऱ्या या माणसाने ती कधीच तपासली नव्हती. तपासली तेव्हा आकडा असा आला, की त्याच दिवसापासून औषध सुरू झालं. घरी येऊन त्याने बायकोला सगळं सांगायला तोंड उघडलं. ती म्हणाली, "सांगू नकोस. तो खण दर आठवड्याला मीच पुसते. तू कधी सांगतोस, ते बघत होते."

गावात ही बातमी त्या गुरुवारी दुपारपर्यंतच पोचली होती, पण गाव ते गाव. केमिस्ट स्वतः घेतो, एवढा भाग घरोघर गेला. तो त्याने का सांगितला, हा भाग कुणी उचलला नाही. त्यात मजा नव्हती. पोरं दुकानावरून जाताना हसू लागली. फोरमन येईनासा झाला, वकीलही. केमिस्टने काउंटरच्या आत एक खुर्ची मांडली, मध्ये पडदा लावला आणि ठरवलं, की डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय पट्टी नाही आणि विचारल्याशिवाय पाकीट नाही. दहा दिवस त्या खुर्चीत कुणी बसलं नाही.

अकराव्या दिवशी गणिताचे मास्तर आले. टूथब्रश पाहून झाले. खोकून झालं. दुकान रिकामं झाल्यावर कागद पुढे सरकला. केमिस्टने तो हातात घेतला आणि उघडला. मास्तरांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"यावर काही लिहिलेलं नाही, मास्तर."

"नेहमीचंच."

"नेहमीचं चुकत होतं. आत या, बसा. दोन प्रश्न आहेत. मग डॉक्टरीणबाईंचं नाव देतो."

मास्तरांनी त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं, जशा नजरेने आजवर तो त्यांच्याकडे बघत आला होता. "तुमच्यासारखं चव्हाट्यावर बोलायची सवय नाही मला," ते म्हणाले. कागदाच्या पुन्हा चार घड्या घालून ते बाहेर पडले आणि सरळ रस्ता ओलांडून समोरच्याच्या दुकानात शिरले.

जाऊ दे, केमिस्टला वाटलं. मरू दे तिकडे. त्याने खण बंद केला. मग त्याला आठवलं, की मास्तर दोनदा फळ्यापाशी चक्कर येऊन बसले होते. दोन्ही वेळा सोमवारी. आणि चिठ्ठी ते नेहमी शनिवारी आणत. सकाळपासून अंगात असलेला पांढरा कोट तसाच ठेवून तो दुकान उघडं टाकून निघाला. नऊ वर्षांत त्याने ती पायरी चढली नव्हती.

समोरच्याच्या दुकानात तीन गिऱ्हाइकं होती. कोरी चिठ्ठी काउंटरवर होती आणि समोरच्याचा हात खालच्या खणात. त्याच्या तोंडावर तेच भाव होते, जे केमिस्ट अकरा वर्षं आपल्या तोंडावर वागवत आला होता. आरशात बघितल्यासारखं वाटून केमिस्ट दारातच थबकला.

"देऊ नकोस," तो म्हणाला. "आधी विचार त्यांना."

समोरच्याने मान वर केली. नऊ वर्षांनी हा आला आणि हे बोलला. "काय विचारू?"

"छातीसाठी रोजची गोळी घेतात का, ते विचार."

मास्तरांनी चष्मा काढून हातात धरला. समोरच्याने मात्र हात खणातून काढला. तो रिकामा होता.

"त्यांना कशाला विचारायचं?" तो सावकाश म्हणाला. "ती गोळी दर महिन्याला मीच देतो की. तीन वर्षं झाली."

"आणि दुसरी मी देत होतो," केमिस्ट म्हणाला.

त्याने भिंतीजवळचं स्टूल ओढलं आणि मास्तरांच्या मागे ठेवलं.